रतनवाडीची वाट

श्रीरामपूर,
सर्वपित्री अमावास्या

चि. छकुलीस,

पत्रास कारण की, काल रात्री तुझ्या आईचा फोन आला आणि बोलता बोलता ती म्हणाली, दसरा झाला की पोरगी कॉलेजच्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर रतनगडाला निघाली आहे. तुझी आजी लगेच काळजीत पडली (तिला गड म्हटलं की फक्त कडेच दिसतात), आणि मी मात्र रात्रभर त्या एका नावाभोवती फिरत राहिलो. फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू 'हो नाना, हो नाना' म्हणतेस आणि पलीकडून मला भांड्यांचे, गाड्यांचे, मैत्रिणींचे आवाज येत राहतात. पत्र कसं, मांडी घालून वाचावं लागतं. तेव्हा वाच. आज घरात खीर-वड्यांचा वास भरलाय, आजी उद्याच्या घटासाठी वावरातली काळी माती चाळते आहे, आणि मी ओट्यावर बसून हे लिहितो आहे.

कागद पाहून हसू नकोस. पाणीमागणीचे, म्हणजे आमच्या पाटकऱ्यांच्या भाषेत नमुना नंबर सातचे, रद्द झालेले फॉर्म आहेत हे. मागची बाजू कोरी करकरीत. निवृत्त होताना रद्दीत निघालेला एक गठ्ठा साहेबांना विचारून घरी आणला होता, तो अजून पुरतोय. तुझा बाप म्हणतो, नाना, शंभर रुपयांत वह्या मिळतात. मिळत असतील. पण चांगला कागद एका बाजूनं कोरा ठेवून टाकायचा म्हणजे मला चारी अर्धी भरून सोडून दिल्यासारखं वाटतं, त्याला मी काय करू?

आता मुद्द्यावर येतो. तू पाच वर्षांची असताना मी तुला खांद्यावर घेऊन पाटाच्या कडेनं फिरवायचो, तेव्हा तू एकदा विचारलं होतंस, 'नाना, पाटात पाणी कोण ओततं?' मी म्हटलं, ओझरचा बंधारा. 'आणि तिथं?' भंडारदरा. 'आणि भंडारदऱ्यात?' रतनगड, असं मी म्हटलं आणि तू समाधानानं गप्प झालीस. इतकी वर्षं गेली, आता तू स्वतःच त्या ओतणाऱ्याच्या घरी चाललीस. म्हणून मला एवढा आनंद झालाय, आणि म्हणूनच थोडी धाकधूकही आहे. तुझ्या पायांची मला काळजी नाही, तुझ्या सोबत्यांचीही नाही. तेही तुझ्यासारखेच असणार. धाकधूक त्या वेळापत्रकाची आहे, जे तुझ्या आईनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलं. रात्री अकराला पुणं सोडायचं, पहाटे चारला रतनवाडी, साडेपाचला चहा-नाश्ता, सहाला चढाई, दुपारी दोनला खाली, तीनला सांदण दरी, रात्री पुन्हा पुणं. आणि मधेच एका ओळीत लिहिलंय: 'अमृतेश्वर मंदिर, १५ मिनिटे'.

पंधरा मिनिटं! अगं, पंधरा मिनिटांत आमच्याकडे एक वाफा भरत नाही.

मी हे मोठेपणानं बोलत नाही हो, कारण मी स्वतः पहिल्या खेपेला ते देऊळ पंधरा मिनिटंसुद्धा पाहिलं नाही. तीही गोष्ट सांगतो, तुझ्या बापालाही पुरती माहीत नाही ती. १९८५ चा डिसेंबर होता. रब्बीचं आवर्तन नुकतंच संपलेलं, आम्ही तिघं पाटकरी चार दिवसांची रजा काढून भंडारदऱ्याला गेलो, कशाला तर ज्या पाण्यापायी आपण रात्रीबेरात्री शेतकऱ्यांच्या शिव्या खातो ते येतं कुठून, हे एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून. शेंडीला मुक्काम केला, सकाळी धरणातल्या बोटीनं रतनवाडीला उतरलो, आणि उतरल्या क्षणापासून आमच्यापैकी एकाच्या तोंडी एकच धोशा: संध्याकाळची बोट चुकली तर काय? झालं. देवळाच्या बाजूनं गेलो तेव्हा म्हटलं, येताना पाहू. गडावर जेमतेम दरवाजापर्यंत पोचलो, तिथं म्हटलं, दरवाजा पाहिला म्हणजे गड पाहिला. आणि उतरताना नदीच्या पात्रातल्या गोट्यांवरून मी जो धावत सुटलो, तो एका शेवाळलेल्या दगडावरून असा घसरलो की घोटा सुजून वांग्याएवढा झाला. बोट डोळ्यांदेखत गेली. मग त्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या मावशीनं आम्हाला ओसरीवर जागा दिली, नागलीची भाकरी दिली, माझ्या पायाला कसला तरी पाला वाटून बांधला, आणि पहाटे अंधारात एक जीप निघाली तिच्यात आम्ही बसून आलो. देवळापासून शंभर पावलांवर मी अख्खी रात्र काढली, छकुले, आणि देऊळ न पाहता परत आलो. पुढे २२ वर्षं जेव्हा जेव्हा कुणी अमृतेश्वराचं नाव काढी, तेव्हा मी 'हो, हो, गेलोय ना तिथं' म्हणायचो आणि विषय बदलायचो.

यावर मी तुला उपदेश करणार नाही, एक युक्ती सांगतो, ती मात्र ऐक. तुमची गाडी चारला पोचणार आणि नाश्ता साडेपाचला. या दीड तासात बाकीची पोरं गाडीत मान वाकडी करून झोपतील. तू झोपू नकोस. पहाटे उठायचं बाळकडू तुला याच घरानं दिलंय. आठव, आपली पाण्याची पाळी रात्री तीनची असली की तू हट्टानं माझ्याबरोबर दारं धरायला यायचीस आणि बांधावर बसून पेंगायचीस, पण घरी जाऊ म्हटलं की भोकाड पसरायचीस. तेच आता कर. एखाद्या मैत्रिणीला उठव, बॅटरी घे, अंगावर शाल घे (स्वेटर नाही, शाल, आजी देणार आहे) आणि देवळाकडे चालू लाग. एकटी जायचं नाही, आणि तुमचा जो कोण म्होरक्या असेल त्याला सांगून जायचं, एवढं पथ्य पाळ. उजाडायच्या आधीचं ते देऊळ तुला वेळापत्रकातली पंधरा मिनिटं दाखवू शकणार नाहीत.

दुसऱ्या खेपेला मी ते तसंच पाहिलं. निवृत्तीनंतर, २००८ च्या जानेवारीत. आपल्या गल्लीतले दोन निवृत्त शिक्षक, एक पोस्टमन, मी आणि आमचा पुढारी म्हणून एक तरुण मास्तर, ज्याला गडांचं वेड होतं पण घाईचं नव्हतं. अशी माणसं थोडी असतात. आदल्या संध्याकाळी वाडीत पोचलो, रात्री लवकर आडवे झालो, आणि मी सवयीनं साडेतीनला जागा झालो. देवळात गेलो तेव्हा काळोख होता. आधी फक्त वास आला, ओल्या दगडाचा, वटवाघळांचा आणि शिळ्या बेलाचा. मग हळूहळू काळ्या आभाळापुढं त्याहून काळं शिखर दिसायला लागलं, मग त्यावरच्या उभ्या पट्ट्या, मग पट्ट्यांमधली लहान लहान शिखरं एकावर एक रचल्यासारखी. उजेड जसजसा वाढला तसतसं ते देऊळ जणू पुन्हा बांधलं जात होतं. अगं, मी चहासुद्धा विसरलो, आणि तुला माहीत आहे मी चहा विसरत नाही.

हे देऊळ शिलाहारांच्या झंझ राजानं बांधलं असं सांगतात. गोदावरीपासून भीमेपर्यंत जिथं जिथं नदी उगम पावते तिथं तिथं त्यानं शंकराचं एकेक देऊळ उभारलं, अशी बारा देवळं, आणि हरिश्चंद्रगडावरचं देऊळही त्यातलंच, अशी आख्यायिका. राजाचा काळ जुना. देवळाची घडण पाहून जाणकार त्याला थोडं अलीकडे, अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराला आणतात. काही धर, हजार वर्षांच्या आसपासचं काम आहे. तू तिथं भिंतीतल्या एखाद्या सांध्याला हात लावून पाहा. चुना नाही, काही नाही, दगडावर दगड नुसता बसवलेला. मी खिशातलं एसटीचं तिकीट काढून एका सांध्यात घालून पाहिलं, कडा दुमडली पण तिकीट आत शिरलं नाही. मी आयुष्यभर चाऱ्यांची अस्तरं पाहिली, पाच पावसाळ्यांत फुटणारी. तिथं उभा राहिलो आणि मला आमच्या खात्याची थोडी लाजच वाटली.

आणखी एक गंमत बघ. बहुतेक शिवालयांत आपण आधी नंदीला भेटतो, मग मंडप, मग गाभारा. इथं गाभाऱ्याला दोन्हीकडून दारं. नंदीच्या छोट्या मंडपातून शिरलीस की थेट गाभाराच, आणि सभामंडप त्याच्या पलीकडच्या अंगाला. खांबांवर आणि छतावर कोरीव काम आहे. छताकडे पाहायला मान दुखेपर्यंत वर करावी लागते, म्हणून आमचे मास्तर सरळ जमिनीवर पाठ टेकून आडवे झाले. तूही हो. कपडे मळले तर मळू देत, आजी धुवून देईल. पावसाळ्यात त्या गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंडी पाण्याखाली जाते. वर्षातले कित्येक दिवस देव नुसता पाण्यात बसलेला असतो. तुम्ही जाल तेव्हा पाऊस ओसरलेला असेल, तरी पाणी किती उरलंय ते बघ आणि मला कळव. ही पाटकऱ्याची खोड.

जवळच पुष्करणी आहे, चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांची, भिंतींत कोनाडे आणि कोनाड्यांत मूर्ती. तिच्या काठावर मी बराच वेळ बसलो, त्याचं कारण मूर्ती नव्हत्या. पायऱ्या अशा बांधल्यात की पाणी कितीही खाली गेलं तरी घागर घेऊन उतरणाऱ्या बाईला पाण्यापर्यंत पोचता यावं. कुणीतरी हजार वर्षांपूर्वी उन्हाळ्याचा विचार केला होता.

आता गडाची वाट. वाडीतून निघालीस की नदी तुझ्या सोबत असते. आपली प्रवरा, जी बेलापूरच्या पुलाखाली तू पाहतेस ती, इथं एवढीशी की लुगड्याचा काठ ओला न करता आजी ओलांडेल. वाट तिला पुन्हा पुन्हा ओलांडते, कधी या काठानं, कधी त्या. मग रान दाट होतं. ते सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं रान आहे. हिरडा, जांभूळ, आणि वर पाहात चाललीस तर शेकरू, तांबूस झुबकेदार शेपटीची. बडबड करत गेलात तर ती दिसणार नाही. अत्तर-बित्तर लावून जाऊ नका, कड्यांना आग्या मोहोळं असतात. वर कातळाला लोखंडी शिड्या आहेत, तिथं एका वेळी एकानंच चढायचं, पुढचा वर पोचेपर्यंत मागच्यानं थांबायचं. मागून कुणी 'चला, चला' म्हणेल. म्हणू दे. तू म्हण, माझे नाना म्हातारे आहेत आणि त्यांनी मला थांबायला सांगितलंय; म्हाताऱ्या माणसाचं नाव अशा ठिकाणी वापरायला हरकत नाही.

शिड्यांनंतर गणेश दरवाजा. इथवर मी पहिल्या वेळी आलो होतो आणि 'गड पाहिला' म्हणून परतलो होतो! पुढे रत्नादेवीचं ठाणं असलेली छोटी गुहा, शेजारी मुक्कामाजोगी मोठी गुहा, हनुमान दरवाजा, आणि मग पठार. पठारावर राणीचा हुडा म्हणतात तो गोल बुरूज, कोकण दरवाजा, पडके चौथरे, तट. पडझड पाहून 'इथं काही उरलं नाही' असं कुणी म्हणेलच. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून मोडल्या, पुन्हा कुणी वर जाऊन उभं राहू नये म्हणून. तरी माणसं उभी राहिलीच. याच अकोल्याच्या मुलखातले, देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांशी झुंजले, आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. भंडारदऱ्याच्या जलाशयाला आता त्यांचं नाव दिलंय. तुमच्या ग्रुपमधल्या पुण्याच्या पोरांना ते नाव ठाऊक नसेल तर सांग, पण शिकवणीसारखं नको, चालता चालता सांग.

मला वर सगळ्यांत काय आवडलं म्हणशील तर टाकी. कातळात खोदलेली पाण्याची टाकी. बाकीचे सगळे पुढे गेले आणि मी एका टाक्याच्या काठाशी पालथा पडून आत हात घातला. पाण्याखालच्या भिंतीवर बोटं फिरवली तर तिरप्या रेषा लागल्या, एकीखाली एक, सारख्या अंतराच्या. छिन्नीचे घाव, गं. डोळ्यांनी दिसले नसते, बोटांनी दिसले. काळा पाषाण, लोखंडाची छिन्नी, एका घावात निघणार तो नखाएवढा कपचा. असं एक टाकं खोदायला किती दिवस लागले असतील याचा हिशेब मी करू लागलो आणि सोडून दिला. जुन्या गडांवर बऱ्याच ठिकाणी टाकी एकाशेजारी एक असतात. वरच्या टाक्यात गाळ बसतो आणि निवळ पाणी खालच्यात उतरतं. आमचे इंजिनियर त्याला मोठी नावं देतात. तिथलं पाणी प्यायला घेशील तर वाकून, तांब्यानं किंवा बाटलीनं घे, त्यात हातपाय धुऊ नकोस आणि कुणाला धुऊ देऊ नकोस. टाक्यात पोहणारी पोरं मी पाहिलीत. रागावलो नाही, त्यांना विचारलं, बाबांनो, तुमच्या माठात कुणी पाय बुडवला तर? ती गुपचूप बाहेर आली. पोरं चांगलीच असतात.

आणि मग नेढं. गडाच्या अगदी डोक्यावर कातळाला आरपार भोक, सुईला असतं तसं, पण त्यात पाच-सहा माणसं बसतील एवढं. तिथं बसलीस की वारा एका बाजूनं येऊन तुझ्यातून दुसऱ्या बाजूला जातो असं वाटतं. एका अंगाला अलंग, मदन, कुलंग, पलीकडे कळसूबाई, आपल्या महाराष्ट्राचं सगळ्यांत उंच टोक, १,६४६ मीटर. आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी पसरलेलं. सोनकीचा पिवळा रंग तेव्हा पठारावर असेल. फोटो काढ, मला पाहायचेच आहेत, पण आधी पाहून घे.

त्या पाण्याकडे मी त्या दिवशी पाहात बसलो तेव्हा मला काय वाटलं ते नीट सांगता येईल का कोण जाणे. धरणाचं काम १९१० ला सुरू झालं आणि १९२६ ला पुरं झालं, सोळा वर्षं. २७० फूट उंचीची दगडी भिंत, ११,०३९ दशलक्ष घनफूट साठा, हा आकडा आम्हाला पाढ्यासारखा पाठ असायचा. त्या डोंगरात आपल्या श्रीरामपूरच्या आठ-दहा पट पाऊस पडतो, तो सगळा तिथं अडतो. धरणातून सुटलेलं पाणी रंध्याच्या धबधब्यावरून, अकोल्यावरून, संगमनेरवरून ओझरच्या बंधाऱ्याला येतं, तिथून डाव्या कालव्याला लागतं, आणि आमच्या चारीला पोचेपर्यंत दोन-चार दिवस सहज जातात. या पाण्यावर आपला ऊस आला, मोसंबी आली, हरेगावची साखर आली, बेलापूर स्टेशनाभोवती पेठ वसली आणि तिचं श्रीरामपूर झालं. स्टेशनाच्या पाटीवर आजही बेलापूरच आहे बघ. पाणी सुटल्याची बातमी आली की टेलचा शेतकरी, म्हणजे चारीच्या अगदी शेवटचा, दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात: 'पाटकरी, कुठंय पाणी?' मी म्हणायचो, वाटेवर आहे. तो म्हणायचा, कालपण वाटेवरच होतं. ३४ वर्षांत मी हे संभाषण किती वेळा केलं असेल! नेढ्यात बसून पहिल्यांदा मला ती वाट अख्खी दिसली, आणि त्या टेलच्या माणसाला एकदा इथं आणून बसवायला हवं होतं असं वाटून गेलं. तो तर आता राहिला नाही.

बरं, जुनं काही पाहायचं तर डोंगरातच जावं लागतं असंही समजू नकोस. हीच प्रवरा संगमनेरच्या खाली जोर्व्यावरून जाते; त्या एवढ्याशा गावाचं नाव तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं आहे, तिथल्या तांबड्या-काळ्या नक्षीच्या खापरांमुळे. आणि आपल्याच तालुक्यात, लाडगावाजवळ, दायमाबाद. मी नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९७४ ला, तिथं एका भिल्ल माणसाला झाडाचं खोड खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: बैल जोडलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारी मिळून मणाहून जड! आपल्या नदीकाठी गेंडा, अगं! चारीवर, पारावर, महिनाभर दुसरा विषय नव्हता. जो तो आपल्या वावरातलं खोड खणायला निघाला होता, आणि मीही आपल्या बांधावरच्या बाभळीकडे दोन दिवस संशयानं पाहात होतो, खोटं कशाला बोलू. पुढे तिथं चार-पाच वर्षं उत्खनन झालं. ती माणसं ब्रशानं माती झाडायची, इंचाइंचानं, आणि दिवसअखेर खापराचे चार तुकडे कापडावर मांडून ठेवायची. मी सायकल टेकवून पाहात उभा राहायचो. दिवाळीला आलीस की तुला तिथं घेऊन जाईन. आता पाहण्यासारखं एक पांढरीचं टेकाड आहे फक्त, पण ते आपलं आहे.

खाली उतरलीस की वाडीत थोडं थांबा. महादेव कोळी आणि ठाकर लोकांची वस्ती ती. भात, नागली, वरई, आणि उन्हाळ्यात हिरडा गोळा करणं. तिथला वाटाड्या घ्याल तर त्याच्याशी घासाघीस करू नका, जेवण सांगाल तर मागतील तेवढे पैसे द्या. मी तुला जन्मभर काटकसर शिकवली, ती त्या दिवशी पुण्यातच ठेवून जा. तुझी बाटली, तुझा डबा, तुझा कागद मात्र तुझ्या पिशवीतून परत आला पाहिजे. त्या मावशींची ओसरी मी दुसऱ्या खेपेला शोधली. घर सापडलं, मावशी नव्हत्या. सुनेला मी सांगितलं, बावीस वर्षांपूर्वी एक भाकरी खाल्ली होती इथं. तिनं काही न बोलता चूल पेटवली.

बुटांचं लिहायचं राहिलं. नवे घेऊ नकोस. जुने इकडे पाठव, स्टेशन रोडचे आपले नेहमीचे चर्मकार तळवा शिवून देतील, ते त्या दगडांवर नव्यापेक्षा बरे धरतील. आणि आठ दिवस आधीपासून रोज पहाटे ते घालून चाल, म्हणजे फोड येणार नाहीत.

एक काम तेवढं माझ्यासाठी कर. वाडीपासून शिड्यांपर्यंत वाट नदीला किती वेळा ओलांडते, ते मोजून ये. पहिल्या वेळी मी धावत होतो आणि दुसऱ्या वेळी मास्तरांशी गप्पांत रंगलो होतो, त्यामुळे दोन्ही वेळा माझा आकडा चुकला. इतकी वर्षं ते माझ्या मनात अडकून राहिलंय.

तुझे,
नाना

ता. क. : आजी म्हणते, शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या खारोड्या बुटांबरोबरच परत पाठवते, पण बुटांच्या पिशवीत नाही, वेगळ्या पिशवीत. हे तिनं मला मुद्दाम लिहायला लावलंय.